छताचे पैसे

ताई,

तुझ्या सोसायटीच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागला आहे. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सदा हसतमुख. फोटो तुझाच आहे, मजकूर बहुधा दुसऱ्या कुणासाठी छापून ठेवलेला असावा. सेक्रेटरींनी लावण्याआधी मला दाखवला. म्हणाले, "तुम्ही प्रेसवाले, एकदा नजर टाका." मी आयुष्यभर प्रकाशकांची मुद्रितं तपासली, पण या वेळी काही बोललो नाही. 'मनमिळाऊ'खाली पेन्सिलने रेघ ओढून तू समासात 'पुरावा?' असं लिहिलं असतंस, हे डोळ्यांसमोर दिसत असूनही नाही. खालच्या कोपऱ्यात हात जोडून उभे असलेले एक भावी नगरसेवक आहेत. त्यांचा फोटो तुझ्या फोटोहून मोठा आहे. घाईत जाणाऱ्याला गेलं कोण याबद्दल थोडी शंका राहते.

काल तेरावा झाला. गुरुजी, दीर, जावा, सगळे गेले. मी बोरिवलीच्या तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलोय, माझ्या बाजूला. तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसलं नाही. परवा गुरुजी बसायला गेले तेव्हा मी त्यांना "ती डगमगते" असं सांगून उठवलं. ती डगमगत नाही. तुझ्या घरात डगमगणारी वस्तू असतेच कशी?

हे लिहितोय ते एका उत्तरासाठी. हॉस्पिटलात तू मला विचारलं होतंस, "घेशील ना रे नंद्या?" मी म्हटलं, "आधी बरी हो. मग भांडू." तू म्हणालीस, "बरं."

तू 'बरं' म्हणून एखादा वाद सोडून दिल्याचं मला आठवत नाही. आपलं भांडण तुझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे, आणि गेली कित्येक वर्षं विषय एकच. तू घरमालक, मी भाडेकरू.

तुझे अरविंदराव गेले तेव्हा तुझ्या नावावर एकच गोष्ट होती, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला त्यांचा गाळा. हे घर सासूबाईंचं, पुढेमागे दिरांकडे जाणार, हे तुला लग्नातच कळलेलं होतं. गाळ्यातली मशिनं विकून तू तो भाड्याने दिलास, आणि भांडुपच्या पंपांच्या कंपनीतली हिशेबनिसाची नोकरी सांभाळत मालकीण झालीस. मी मुलुंडला दर अकरा महिन्यांनी करार करणारा, पाच घरं बदललेला, पुस्तकांचे खोके उचलून पाठ धरलेली. तुझ्याकडे जेवायला आलो की मी सुरुवात करायचो, "मालक लोकांनी या शहराची वाट लावली." तू भात वाढत म्हणायचीस, "तूप घे. मालकिणीचं आहे."

एकदा मी फार तावात आलो होतो. म्हटलं, "भाडं म्हणजे झोपेतली कमाई. दुसऱ्याने घाम गाळायचा आणि तुम्ही खायचं." तू ताट सरकवलंस आणि म्हणालीस, "उद्या चल माझ्याबरोबर."

मे महिना होता. तुझा गाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे वर थेट गच्ची. तिथे दोन माणसं डांबराचे पट्टे तापवून लावत होती आणि तू डोक्यावर ओला पंचा टाकून त्यांच्या मागे मागे फिरत होतीस. "इथे फुगा राहिलाय. हा कोपरा परत." मला म्हणालीस, "बस ना. झोपेतली कमाई चालू आहे."

तिथेच मला पहिल्यांदा तुझे 'छताचे पैसे' कळले. भाडं हातात आलं की तू त्यातला एक हिस्सा आधी बाजूला काढायचीस, निराळ्या खात्यात. त्याला हात लावायचा नाही. घरात लग्न निघो, फ्रीज बंद पडो, मी हात पसरो. ते छताचे. भाडेकरू गेला आणि गाळा काही महिने रिकामा राहिला तर तेही त्यातूनच. "आलं तेवढं सगळं कमाई नसतं नंद्या," तू म्हणालीस, "छताचं देऊन उरतं, ती कमाई. बाकीचं गाळ्याचंच असतं, तो आपल्याकडे ठेवायला देतो." पाच घरमालक बघितलेल्या माणसाला हे नवीन होतं. माझ्या पाचांपैकी एकानेही छत वर बघून पाहिलेलं नव्हतं.

तुझा शेवटचा भाडेकरू बस्त्याव. मढचा. मासेमारीच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या पेट्या बनवायचा. लॉकडाऊनमध्ये होड्या किनाऱ्याला लागल्या, पेट्या कोण घेणार? तो तोंड पाडून आला आणि तू भाडं अर्ध्यावर आणलंस. मी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "टाळ्या कसल्या वाजवतोस? हा गेला तर दुसरा कुठून आणू? छताचे होते, त्यातून भागलं." मी त्याला माणुसकी म्हणायचो, तू व्यवहार म्हणायचीस. त्या वादाचा निकाल लागायचा राहिला.

तुला अग्नी दिला त्या दिवशी बस्त्याव आला होता. काळा शर्ट, हातात मेणबत्त्यांचं पुडकं. आपल्यात मेणबत्त्या लावत नाहीत हे लक्षात आल्यावर ते त्याने पाठीमागे लपवलं. लोक तुझ्याबद्दल बरंच काही बोलत होते, त्यात 'मनमिळाऊ' होतंच. बस्त्याव माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाला, "बायनी मशिनीवर पावसाचं पानी कधी पडू दिलं नाय."

फ्लेक्सवर हे टाकायला हवं होतं.

गुडघ्यांनी जिना नको म्हटलं तेव्हा तू गाळा विकलास. घेणाराही बस्त्यावच निघाला. त्याने कर्ज काढलं, तू भाव थोडा सोडलास आणि त्यालाही व्यवहारच म्हणालीस. पैसे बँकेत आले आणि त्यांच्या मागोमाग बँकेतली ती बाई आली, जिच्या कार्डावर ती संपत्ती-सल्लागार असल्याचं लिहिलं होतं. तिने तुझ्यासमोर एक जाड, गुळगुळीत अहवाल ठेवला. ऑफिसच्या मोठमोठ्या इमारती ज्याच्या मालकीच्या आहेत असा एक ट्रस्ट. बाजारात याला रीट म्हणतात. त्याचे युनिट घ्यायचे, म्हणजे आपण त्या सगळ्या इमारतींचे कणभर मालक. भाडी ट्रस्ट गोळा करणार आणि जवळजवळ सगळा पैसा दर तिमाहीला वाटून टाकणार.

"मॅडम, गच्ची नाही, भाडेकरू नाही, कटकट नाही," ती बाई म्हणाली.

तू विचारलंस, "गच्ची नाही? मग इमारतीला वर काय आहे?"

तो अहवाल तू मला वाचायला दिलास, माझी भाषा बरी म्हणून. मी आयुष्यात बरंच भरजरी गद्य तपासलंय, पण इतकी कमी माहिती इतक्या महाग कागदावर कधी पाहिली नव्हती. हिरवळीवर हसणारी माणसं. काचेच्या भिंतीत पडलेलं ढगांचं प्रतिबिंब. इमारतीला कुठेही इमारत म्हटलेलं नाही, ती 'परिसंस्था' होती. भाडेकरू 'सहप्रवासी' होते. मी मोठ्याने वाचत होतो आणि तू हसून हसून डोळे पुसत होतीस. मग डोळे पुसून झाल्यावर तू म्हणालीस, "झालं तुझं? आता मागची पानं काढ. ज्यावर चित्रं नाहीत ती."

मागच्या पानांवर तू तीन आठवडे बसलीस. झेरॉक्सवाल्याने विचारलंसुद्धा, "काकू, पीएचडी करताय?" तुला व्याजदरासारखा तो टक्का नको होता, जो पहिल्याच पानावर ठळक छापला होता. तुला प्रश्न होता तो टक्का कशाचा बनलाय हा. वाटलेल्या पैशात भाड्याची खरी कमाई किती? आणि किती पैसा असा, की आपणच घातलेलं भांडवल आपल्याला हप्त्याने परत मिळतंय? भाड्याचे करार कधी संपतात, सगळे एकदम तर नाहीत ना? एकाच मोठ्या भाडेकरूवर किती मदार आहे? कर्ज किती? आणि शेवटी तुझा तो प्रश्न, छताचं काढतात का?

मी म्हटलं, "ताई, एवढे मोठे लोक आहेत, काढत असतीलच."

"आपल्या आईने तुझ्यासाठी मुली बघितल्या तेव्हा एवढे मोठे लोक बघून पाणी पिऊन परत आली का?"

नव्हती आली. आई कुणाच्याही घरी सोयरीक बघायला गेली की पोहे यायच्या आधी उठायची आणि "जरा हात धुते" म्हणून सरळ मोरीत जायची. दिवाणखाना पाहुण्यांसाठी आवरतात, मोरी कुणी आवरत नाही, असं तिचं म्हणणं. तुझं स्थळ तिने मोरी बघूनच पसंत केलं होतं. माझ्या बाबतीत तिने एवढ्या मोऱ्या नापसंत केल्या की मी एकटाच राहिलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे परवापर्यंत नव्हती.

तर आपण अंधेरीला त्या ट्रस्टची मोरी बघायला गेलो. तू इस्त्रीची साडी नेसलीस, पिशवीत डबा घेतलास. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है, माताजी?"

"मिलना किसी से नहीं. भाडेकरू देखने आये हैं."

"अपॉइंटमेंट है?"

"मी काय त्यांना मागणी घालणारेय?" हे तू मला विचारलंस. मग त्याला सांगितलंस की खाली कॉफीच्या दुकानात जायचंय, आणि त्याने सोडलं. ती कॉफी मला अजून आठवते. तिच्या पैशांत आपल्या आईने महिनाभराची कॉफी केली असती. पण त्या बदल्यात तू तळमजल्यावरच्या, कंपन्यांच्या नावांच्या पाटीवर किती पट्ट्या कोऱ्या आहेत ते बघितलंस. मला लिफ्टपाशी उभं केलंस. "रांग लागली तर भाडेकरू आहेत. फारच लागली तर मालक कंजूष आहे." आणि स्वतः स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ आली नाहीस. बाहेर आलीस ती खूश होऊन. "नळ गळत नाही. साबण आहे. लादीच्या फटी घासलेल्या आहेत."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग तू रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेलीस.

"धंदा कसा आहे?"

"कसला धंदा आजी, पहिल्यासारखं काही राहिलं नाय. वरून लोक उतरतच नाहीत."

झालं. तुझा चेहराच पडला. घरून काम करायची सवय लागली, इमारत आतून रिकामी आहे, पाटीवरची नावं नुसती नावं आहेत, करार संपले की सगळे जाणार. बोरिवलीपर्यंत तू हेच बोलत होतीस. मी मालकवर्गाच्या अंताबद्दल माझी काही मतं मांडली. दोन महिने तू त्या अहवालाला हात लावला नाहीस.

नंतर खालच्या मजल्यावरच्या सुषमाची मुलगी तुला जिन्यात भेटली. ती त्याच इमारतीत कामाला. तुझं ऐकून ती पोट धरून हसली. "अहो काकू, आमच्याकडे चहा, कॉफी, इडलीपण फुकट असते. बाहेर कोण कशाला जाईल? बसायला जागा नाही म्हणून आणखी एक मजला घेतायत."

तू मला फोन केलास. म्हणालीस, "नंद्या, हसायचं नाही हां."

मी हसलो. पुढे दोन वर्षं हसलो. तुझं कुठलंही मत आलं की मी विचारायचो, "हा चहावाल्याचा अहवाल का?" आणि तू म्हणायचीस, "गप रे. निदान मी बघायला गेले. तू कधी काय बघायला गेलास?"

आत्ता विचारतेस असं वाटलं. मी वर बघितलं.

त्यानंतर तू शितावरून भात ओळखायचा म्हणून थोडेसे युनिट घेतलेस, आणि त्यामुळे तुला ट्रस्टच्या वार्षिक सभेचं बोलावणं आलं. सभा लॅपटॉपवर. दिसणार कुणीच नव्हतं, नुसता आवाज जाणार होता. तरी तू सकाळीच न्हाऊन मोतिया रंगाची साडी नेसलीस. मी म्हटलं, "अगं, तुला कोण बघणारेय?" तू म्हणालीस, "मला माहितेय ना मी काय नेसलेय ते."

मुख्य साहेबांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज मखमली होता. आम्ही जागा भाड्याने देत नाही, आम्ही भविष्याला पत्ता देतो, असं काहीतरी ते म्हणाले. मी म्हटलं, "भविष्याकडून डिपॉझिट किती घेता?" आणि तू मला टेबलाखालून चिमटा काढलास. मग तुझं नाव पुकारलं. तू चक्क उभी राहिलीस. लॅपटॉपसमोर, एकटी, हात पदराला पुसून. मराठीत सुरू केलंस, मध्ये हिंदीत गेलीस, परत मराठीत आलीस.

"तुम्ही जे वाटता त्यात कमाई किती, और हमारा ही पैसा हमको वापस कितना? आणि दुरुस्तीचं वाटायच्या आधी बाजूला काढता, की आधी वाटून मोकळे होता आणि मग कर्ज काढता?"

मखमली साहेब म्हणाले, फार सुंदर प्रश्न. तेवढ्यात हिशेबाचा प्रमुख बोलू लागला आणि, खरं सांगायचं तर, त्याने नीट उत्तर दिलं. भाड्याचं किती, व्याजाचं किती, परत आलेल्या भांडवलाचं किती, सगळं वेगळं करून सांगितलं. नेहमीची दुरुस्ती वाटायच्या आधी कापतो, मोठी कामं मात्र कर्जातून, हेही लपवलं नाही. तू खाली बसलीस आणि मला म्हणालीस, "हा मुलगा घरी मोरी घासत असणार." आवाज बंद करायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते केलं नव्हतं. हे वाक्य सर्व युनिटधारकांनी ऐकलं. तो प्रमुखही हसला असावा, कारण पुढचं वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं.

त्या दिवशी आपण किती हसलो ग. तुझ्या पोटात दुखू लागलं. आपल्याला वाटलं, हसण्यानेच.

ते दुखणं गेलं नाही. पुढचं सगळं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. गाठ निघाली, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी शक्यतांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. तू त्यांनाही तोच प्रश्न विचारलास, "डॉक्टर, हे जे महिने तुम्ही देताय त्यात माझे किती आणि औषधांचे किती?" तो तरुण माणूस चांगला होता. त्याने तुझी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही.

आणि नेमकं तेव्हाच, पलंगावर बसून, तू तुझा निर्णय जाहीर केलास. गाळ्याच्या पैशातले थोडे मुदत ठेवीत, बाकीचे त्या ट्रस्टमध्ये, भाव खाली येईल तसे. मी म्हटलं, "आत्ता? तुला आत्ता हे सुचतंय?"

"वाईट नाहीये रे ते. दाखवतात तेवढं चांगलं नाही, पण वाईट नाही. इमारती भरलेल्या आहेत. कर्ज फार नाही. भाडी वाढतायत. फक्त वाटप येईल ते सगळं कमाई समजायचं नाही. आपलंच परत आलेलं असेल ते पुन्हा आत घालायचं. लक्षात राहील?"

"मला कशाला सांगतेयस?"

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी अजून शुद्धलेखनात चुका करणारा मुलगा आहे. "मग एवढे दिवस काय मी माझ्यासाठी बघत होते? मला पेन्शन आहे. हे घर मी मरेपर्यंत माझं आहे. तुझं काय? पुढच्या करारात मालकाने भाडं वाढवलं तर पुस्तकांचे खोके घेऊन या वयात कुठे जाशील? तुझ्या खोलीचं भाडं त्या इमारतींच्या भाड्यातून निघेल एवढं मी बघितलंय."

लिफ्टपाशी मला उभं केलं होतंस ते कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. त्या मागच्या पानांवर तू तीन आठवडे माझं म्हातारपण तपासत होतीस. मोतिया साडी नेसून उभी राहिलीस तीही माझ्या खोलीसाठी.

आणि मी काय बोललो? म्हटलं, "मी नाही घेणार. जन्मभर मालकांवर टीका केली, आता त्यांच्या भाड्यावर जगू?"

"टीका कर की. कोण नको म्हणतंय? मालक झालास की जरा माहितीवर करशील."

मी चिडून मुलुंडला गेलो. तू गेल्यावर मी कोण असेन याचा तू हिशेब मांडला होतास, आणि तो मला ऐकायचा नव्हता. घेतो म्हणणं म्हणजे तू जाणार हे मान्य करणं. मालकांचं निमित्त होतं ग. तुला ते माहीत होतं, असं मी धरून चाललोय.

मग माझा वाढदिवस आला. सकाळी दार वाजलं तर तू. बोरिवलीहून मुलुंडला, टॅक्सीने, दोन जिने चढून, हातात ओल्या काजूच्या उसळीचा डबा. चेहऱ्यावर इतका तजेला की मी दारातच ओरडलो, "अगं, बरी झालीस की काय!" तू दिवसभर थांबलीस. माझ्या पुस्तकांच्या धुळीला नावं ठेवलीस, बाथरूमची फरशी तपासलीस, माझ्या मालकाला फोन लावून गळक्या नळाबद्दल झापलंस. दुपारी आपण पत्ते खेळलो आणि तू लबाडी केलीस. संध्याकाळी निघताना मी विचारलं, "एवढी ताकद आणलीस कुठून?"

तू चपला घालत म्हणालीस, "छताचे ठेवलेत ना बाजूला."

मला केवढा धीर आला त्या वाक्याने! मी सगळ्यांना सांगत सुटलो, ताई सुधारतेय.

काल तेराव्याचं जेवण उरकल्यावर सुषमा भांडी आवरायला थांबली होती. ती मला म्हणाली, "मुलुंडहून आल्यावर त्या कितीतरी दिवस उठल्याच नाहीत. पेजसुद्धा चमच्याने भरवावी लागायची. मला बजावलं होतं, नंदूला सांगितलंस तर याद राख."

तू मला विचारायला शिकवलं होतंस, ताई. वाटप मोठं दिसलं की आधी विचारायचं, हे आलं कुठून? मी विचारलंही होतं. आणि तू, जिने मोठमोठ्या साहेबांकडून खरं उत्तर काढलं, तीच तू मला चपला घालता घालता खोटं सांगितलंस. छताचे बाजूला नव्हतेच, अंगातले ते शेवटचे तू त्याच दिवशी मोडत होतीस. तो दिवस कमाईतला नव्हता. दिराच्या मुलीच्या लग्नात, फ्रीज बंद पडला तेव्हा, मी हात पसरला तेव्हा, ज्या पैशांना तू कधी हात लावू दिला नाहीस, ते तू सगळेच्या सगळे एका उसळीवर आणि पत्त्यांच्या डावावर उधळलेस. त्यानंतर तू हॉस्पिटलात गेलीस आणि मला ते विचारलंस. "घेशील ना रे नंद्या?" आणि मी म्हटलं, आधी बरी हो.

शुद्धीतलं तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं 'बरं' एवढंच राहिलं. मग नळ्या आल्या.

आज घराच्या किल्ल्या दिरांना द्यायच्या आहेत. ते चांगले आहेत, घाई नाही म्हणाले. मी तुझ्या स्वयंपाकघरात सगळं पुसून घेतलं आणि शेवटी मोरीत गेलो. आईसारखा, हात धुवायच्या निमित्ताने. लादीच्या फटी पांढऱ्या शुभ्र होत्या. इतके महिने आजारी होतीस, आणि फटी शुभ्र. सुषमा म्हणते, तिने नाही घासल्या. मी खाली बसलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो. तेरा दिवसांत लोकांसमोर जे जमलं नव्हतं ते तिथे जमलं. नळ सोडला होता, म्हणजे बाहेर ऐकू गेलं नसावं.

तर उत्तर. हो. घेतो.

टीका करत राहीन, तुझ्या परवानगीने. त्या साहेबांच्या सभेला दर वर्षी बसेन, इस्त्रीचा सदरा घालून, आणि तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारेन. आपलंच परत आलेलं पुन्हा आत घालीन. अंधेरीला जाऊन लादी बघून येईन, चहावाल्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि आलेल्या प्रत्येक पैशातून आधी छताचं काढेन. माझ्या खोलीवर अजून तीन मजले आहेत, गच्ची गळली तरी पाणी माझ्यापर्यंत यायला वेळ लागेल. तरी काढेन.

ते साठतील. फ्रीजसाठी त्यांना हात लावणार नाही, तू लावला नाहीस तसाच. पण एखाद्या दिवशी ते सगळे एकदम काढावेत, डबा भरावा, दोन जिने चढावेत आणि ज्याचं दार वाजवावं, असं माणूस मी आता कुठून आणू, ताई? माझ्याकडे होतं ते एकच होतं.